एपिसोड ४१ : चाळीस मिनिटांचं जेवण

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय. 'म्हणजे' आणि 'अॅक्च्युअली' तेवढे निम्मे काढलेत.)

आज पाहुणे नाहीत, मी एकटाच आहे. गेल्या दोन महिन्यांत मला डीएममध्ये एकच प्रश्न सारखा येतोय, त्यावर बोलायचंय. प्रश्न असा : 'दादा, तू नेपाळला जाऊन दिव्यांग मुलांसोबत व्हॉलंटिअरिंग केलंस ना? आम्हालाही जायचंय. कसं जायचं?'

आता याचं उत्तर एक लिंक पाठवून देता आलं असतं. मी तीन-चार जणांना पाठवलीही. मग पाठवणं बंद केलं. कारण मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथल्या एका मुलाचं माझ्यामुळे नुकसान झालं, आणि ही गोष्ट मी आजवर कुठं नीट सांगितलेली नाही. इन्स्टावर माझा त्या मुलासोबतचा फोटो होता, चारशे-पाचशे लाइक्स होते, खाली सगळे हात जोडलेले इमोजी. तो फोटो आता मी काढून टाकलाय. का काढला ते सांगतो.

सुरुवातीपासून सांगतो. २०२२ ची गोष्ट. मी हिंजवडीत बॅकएंड डेव्हलपर. एक कंपनी सोडली, दुसरी जॉइन करायला चार आठवडे मोकळे होते. नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड काढलेल्या माणसाला चार आठवडे म्हणजे काय असतं, ते तुम्हाला माहितीये. मित्र अन्नपूर्णाच्या ट्रेकला निघाले होते. मला वाटलं, ट्रेक तर सगळेच करतात, आपण काहीतरी चांगलं करू. इंटरनेटवर एक एजन्सी सापडली. काठमांडूमध्ये विशेष मुलांसोबत तीन आठवडे. अनुभव नको, शिक्षणाची अट नाही, पैसे भरा आणि या. एजन्सीची फी, विमान, राहणं, सगळं मिळून माझे साधारण पासष्ट हजार गेले. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागेल.

नेपाळ आपल्याला परदेश वाटतच नाही, ही एक गंमत आहे. व्हिसा लागत नाही. पासपोर्ट नसला तर मतदार ओळखपत्रावर विमानात बसता येतं (आधार चालत नाही, एअरपोर्टवर जाऊन रडू नका). उतरल्यावर घड्याळ पंधरा मिनिटं पुढं करायचं. आणि पाट्या सगळ्या देवनागरीत! बरोबरच्या फ्रेंच मुलीला दुकानाची पाटी वाचता येत नव्हती आणि मी घडाघडा वाचत होतो. त्यामुळे मला लगेच वाटायला लागलं की मला इथलं सगळं कळतंय. वाचता येणं आणि कळणं यातला फरक मला कळायला वर्ष गेलं.

उदाहरण देतो. पोरं मला 'दाइ' म्हणायची. नेपाळीत दाइ म्हणजे मोठा भाऊ. पहिल्या दिवशी मी दचकलो, म्हटलं मला दाई का म्हणतायत, बाळंतपण करायला आलोय का मी! 'भोक लाग्यो' म्हणजे भूक लागली. 'जाडो लाग्यो' म्हणजे थंडी वाजतेय. 'मीठो छ' म्हणजे चवदार आहे, मिठाचा काही संबंध नाही. शब्द ओळखीचे वाटतात आणि अर्थ भलतीकडेच असतो. ही सगळी मजा मी तेव्हा रील्समध्ये टाकली. चांगली चालली.

ती संस्था ललितपूरच्या बाजूला होती, रिंग रोडच्या बाहेर. नाव घेत नाही. तिथली माणसं वाईट नव्हती, उलट फार चांगली होती. निवासी जागा. चौदा मुलं, बहुतेकांना सेरेब्रल पाल्सी. आता हे काय असतं ते थोडक्यात सांगतो, कारण आपल्याकडे सरसकट 'मतिमंद' म्हणून मोकळे होतात. मेंदूची वाढ होत असताना, जन्माआधी, जन्मताना किंवा नंतर लवकरच, त्याला इजा होते. कधी ऑक्सिजन कमी पडतो, कधी मूल फार लवकर जन्मतं, कधी कावीळ खूप चढते. ती इजा पुढं वाढत नाही, पण स्नायूंवरचा ताबा बिघडलेलाच राहतो. हात, पाय, मान, आणि हे आपल्या लक्षात येत नाही, पण जीभ आणि घसासुद्धा. बुद्धीवर परिणाम होतोच असं नाही. कित्येकांना सगळं कळत असतं आणि एक शब्द बोलता येत नसतो.

ही मुलं तिथं का होती? अनाथ होती म्हणून नाही. नेपाळमधल्या बालगृहांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील, कोणीतरी हयात असतं. अपंगत्व असलेल्या मुलांचं तर साधं गणित आहे. गाव डोंगरात, रस्ता संपल्यावर पुढं पायी. व्हीलचेअर तिथं फक्त ठेवायच्या कामाची. थेरपी काठमांडूत. वडील आखातात किंवा मलेशियात मजुरीला. आई एकटी, घरात अजून दोन लेकरं, शेत. ती मुलाला इथं ठेवते आणि वर्षातून एकदा येते. मी ज्या मुलाबद्दल बोलतोय त्याची गोष्ट अशीच होती. नऊ वर्षांचा. नाव सांगणार नाही, ते त्याचं आहे. त्याच्याकडे लाल रंगाचं कार्ड होतं. नेपाळमध्ये अपंगत्वाच्या ओळखपत्राचे चार रंग असतात, लाल म्हणजे सगळ्यात जास्त.

तिथं एक दिदी होत्या. चाळिशीच्या असतील. मुलांना सांभाळणाऱ्या बायकांमध्ये सगळ्यात जुन्या. माझ्याशी हिंदीत बोलायच्या, टीव्ही सीरियलवरून शिकलेली हिंदी. मला 'भाइ' म्हणायच्या, म्हणजे धाकटा भाऊ. दिवसपाळीला अशा तिघी. चौदा मुलं. त्यांतल्या नऊ जणांना भरवावं लागायचं.

पहिल्याच दिवशी मी बघितलं की दिदींना या मुलाला भरवायला चाळीस मिनिटं लागतात. मऊ शिजवलेला डाळभात, त्याला 'जाउलो' म्हणतात, आपल्या गुरगुट्या भातासारखा. एक छोटा घास. थांबायचं. त्यानं गिळलं का बघायचं. पुन्हा घास. मध्येच जिभेनं बाहेर ढकलला तर पुसायचं, पुन्हा. आणि या सगळ्या वेळात दिदी बोलत असायच्या. आज कोण आलं, काल पाऊस किती पडला, तुझ्या आईचा फोन आला होता, मुळ्याचा भाव काय झालाय. मला वाटायचं, काय ही बडबड. दुसऱ्या दिवसापासून दिदींनी चमचा माझ्या हातात दिला. म्हणाल्या, 'बिस्तारै, भाइ, बिस्तारै.' हळूहळू.

आता मी इंजिनिअर माणूस. चाळीस मिनिटं म्हटल्यावर माझ्या डोक्यात लगेच आलं, हा बॉटलनेक आहे. चौथ्या दिवशी मी मोबाइल काढला. जेसीबीचे व्हिडिओ. तुम्ही हसताय, पण जेसीबीची खोदाई बघायला आख्खा भारत थांबतो, नऊ वर्षांचं पोर का थांबणार नाही? तो डोळे मोठे करून बघायला लागला, तोंड उघडं. मी घास घालत गेलो. पंधरा मिनिटांत वाटी साफ.

मला जो आनंद झाला ना! प्रॉडक्शनमधली स्लो क्वेरी फास्ट केल्यावर होतो तसा. चाळीसची पंधरा. मी दिदींना म्हटलं, 'बघा!' त्या हसल्या. काही बोलल्या नाहीत. मला तेव्हा वाटलं, इम्प्रेस झाल्या. आता कळतं की मी पैसे भरून आलेला पाहुणा होतो, आणि पाहुण्याला कोणी 'हे करू नकोस' म्हणत नाही.

तीन आठवडे मी त्याला रोज दोन वेळा मोबाइल दाखवून भरवलं. निघताना फोटो काढला, तोच तो. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही. विमानात बसून मी कॅप्शन लिहिली.

पाच आठवड्यांनी त्यांच्या फिजिओथेरपिस्टचा मेसेज आला. त्या आठवड्यातून एकदा यायच्या. मेसेज इतकाच होता : तू त्याला कोणता व्हिडिओ दाखवायचास, नाव सांगशील का? मी खुश झालो. लिंक पाठवली, वर स्मायली. मग सहज विचारलं, कसा आहे तो? त्यांनी लिहिलं, जेवत नाहीये. स्क्रीन समोर नसेल तर तोंड उघडत नाही. दिदींकडे बटणांचा फोन. संस्थेचा एकच स्मार्टफोन, तो ऑफिसात. पाच आठवड्यांत त्याचं वजन जवळजवळ दोन किलो कमी झालं होतं. सोळा किलोचं पोर ते. तुमच्या-माझ्यासाठी दोन किलो म्हणजे एक लग्नसराई. सोळातले दोन म्हणजे काय, तुम्हीच बघा.

मी फोन केला. त्या चिडल्या नव्हत्या, हेच जास्त लागलं. त्यांनी मला शांतपणे तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, मोबाइल मी वर धरायचो म्हणून त्याची मान मागं जायची. मान मागं गेली की श्वासनलिका उघडी पडते आणि अन्न फुप्फुसात जायचा धोका वाढतो. हनुवटी थोडी खाली हवी, चमचा समोरून, खालच्या बाजूनं यायला हवा. अशा मुलांच्या फुप्फुसात अन्न गेलं तर कधीकधी ठसकासुद्धा लागत नाही, गुपचूप जातं, आणि मग न्यूमोनिया. म्हणजे मी ज्याला वेग म्हणत होतो तो खरं तर जुगार होता.

दुसरी, स्क्रीनकडे बघत खाणारं मूल तोंडातल्या घासाकडे लक्ष देत नाही. तुमच्या घरी भाची-पुतण्या असतील तर तुम्हाला हे माहितीये. पण ज्या मुलाला गिळायलाच मेहनत पडते त्याचं लक्ष काढून घेणं वेगळं.

तिसरी गोष्ट त्यांनी अशी सांगितली की ती ऐकून मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. त्या म्हणाल्या, ती चाळीस मिनिटं त्याचा जेवणाचा वेळ नव्हता. चौदा मुलं आणि तीन बायका असलेल्या घरात, एक माणूस फक्त त्याच्याशी बोलतोय असा तो दिवसातला एकमेव वेळ होता.

आणि मी तो पंधरा मिनिटांवर आणला होता. त्यातही त्याच्याशी बोलत नव्हतो, जेसीबी बोलत होता.

ती सवय सुटायला फेब्रुवारी उजाडला. दिदींनी सोडवली. आधी फोन आणून दाखवायच्या, मग लांब ठेवायच्या, मग नुसता आवाज, मग नुसतं जेसीबीचं चित्र. मी इकडे नव्या कंपनीत स्टँडअप मीटिंगमध्ये बसलेलो.

हे मी आईला सांगितलं. ती माउली पोळ्या लाटत होती, वर न बघता म्हणाली, 'एवढ्या लांब जाऊन भरवायला गेलास. मावशीच्या धाकट्याला कधी एक घास भरवलास का रे?'

माझा मावसभाऊ. इस्लामपूरला असतो. एकोणीस वर्षांचा. त्यालाही सेरेब्रल पाल्सीच आहे. मी दर दिवाळीला जातो, त्याच्या गालाला हात लावतो, 'काय हिरो' म्हणतो आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसतो. एकोणीस वर्षं. मी काहीच बोललो नाही. आईनंही विषय वाढवला नाही, तव्यावरची पोळी उलटली.

मला वाटलं, आता पुन्हा नेपाळला जायचं नाही. लाज वाटत होती. फिजिओताईंना तसं लिहिलं. त्यांनी लिहिलं, यायचं तर दसैंला ये. दसैं म्हणजे त्यांचा दसरा, पंधरा दिवसांचा सण. सगळं नेपाळ गावी जातं, सांभाळणाऱ्या बायकाही जातात. ज्या मुलांना न्यायला कोणी येत नाही ती मागं राहतात. तेव्हा माणसं कमी पडतात. एरवी ट्रेकिंगच्या सीझनमध्ये आमच्याकडे व्हॉलंटिअर इतके असतात की त्यांना काम काय द्यायचं हेच काम होऊन बसतं.

मग मी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये गेलो. एजन्सी नाही, थेट. जाण्याआधी मी पोलीस पडताळणीचा दाखला काढून पाठवला. कोणी मागितला नव्हता, आणि हेच मला नंतर विचित्र वाटलं होतं. पहिल्या वेळी मी कोण, कुठला, काहीही न विचारता मला मुलांच्या खोलीत सोडलं होतं. ज्या मुलांना ओरडता येत नाही, कोणाला काही सांगता येत नाही, अशी मुलं. माझ्या जागी दुसरा कोणी असता तर? असे दुसरे नेपाळमध्ये येऊन गेलेत आणि तिथल्या कोर्टात त्यांना शिक्षाही झाल्यात. तुम्हाला पडताळणी मागितली तर अपमान वाटून घेऊ नका. नाही मागितली तर मात्र जरा थांबा.

या वेळी पहिले चार दिवस मी काहीच केलं नाही. दिदींच्या शेजारी बसायचो आणि बघायचो. आणि तेव्हा मला दिसलं की तो मुलगा बोलतो. दिदी विचारायच्या, 'अजून?' आणि तो डोळे वर करायचा. म्हणजे हो. डोळे घट्ट मिटले म्हणजे नाही. एवढं सरळ. दिदींना हे चार वर्षांपासून माहीत होतं.

गेल्या वर्षी तो माझ्यासमोर कित्येकदा डोळे मिटायचा. मला वाटायचं व्हिडिओचा कंटाळा आलाय, मी दुसरा लावायचो. तो नाही म्हणत होता.

…सॉरी. हा तुकडा मी एडिटमध्ये काढणार होतो. राहू दे.

तर मग माझ्यातला इंजिनिअर पुन्हा जागा झाला. टॅब्लेट आणतो, अॅप टाकतो. आपल्याकडे अशी अॅप्स आहेत, चेन्नईचं 'आवाज' आहे, आयआयटी बॉम्बेमधून आलेलं 'जेलो' आहे, चित्रांवर बोट ठेवलं की बोलणारी. चांगली आहेत, मी दोन्ही वापरून पाहिली. दिदी मला कपाटाकडे घेऊन गेल्या. आत दोन टॅब्लेट होते. आधीच्या व्हॉलंटिअर लोकांनी दिलेले. एकाचा चार्जर नव्हता, दुसऱ्याचा पासवर्ड कोणाला माहीत नव्हता. कुलूपबंद, कारण फुटला तर पैसे कोण भरणार.

म्हणून कागद. एक ए-फोर कागद, आठ चौकोन, प्रत्येकात फोटो आणि खाली नेपाळी शब्द, लॅमिनेट केलेला. बोट ठेवता येत नाही अशा मुलासाठी पद्धत सोपी आहे. समोरच्यानं एकेका चित्रावर बोट फिरवायचं, प्रत्येकावर थांबायचं, हवं ते आलं की मूल 'हो'ची खूण करतं. चार्जर नको, पासवर्ड नको. फाटला तर दुसरा छापायचा. खर्च शंभर-दीडशे रुपये.

मी टाकलेले शब्द : भूक, पाणी, शौचालय, दुखतंय, थंडी. भूक मी 'भुक' लिहिलं होतं, दिदी खो-खो हसल्या, 'भोक' करून दिलं. मग म्हणाल्या, हे सगळं तर मला न सांगता कळतंच. जे मला कळत नाही ते टाक. त्यांनी सांगितलं ते तीन शब्द असे. 'पुग्यो', म्हणजे पुरे. 'दिक्क लाग्यो', म्हणजे कंटाळा आलाय, करमत नाहीये. आणि 'अरू', म्हणजे यातलं काहीच नाही, दुसरं काहीतरी.

त्या बोर्डवर सगळ्यात जास्त काय वापरलं गेलं असेल? 'अरू'.

एका सकाळी तो सारखा 'अरू'वर डोळे वर करत होता. मग प्रश्न. खायचं? नाही. दुखतंय? नाही. आई? नाही. इथलं? नाही. बाहेरचं? डोळे वर. माणूस? नाही. गाडी? डोळे वर, आणि आता तो अख्खा ताठ झालेला, हात-पाय आवळून, हसत. दिदींनीच ओळखलं. दोन दिवसांपासून बाहेरच्या रस्त्याचं काम चालू होतं. आम्ही सगळे त्या आवाजाला वैतागलो होतो. तो दोन दिवस भिंतीआड खराखुरा जेसीबी ऐकत पडला होता आणि त्याला तिकडं न्यावं हे कोणाला सुचलं नव्हतं.

नेलं. तासभर तिथं उभे होतो. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. फोटो काढलेला नाही.

दुसरी एक सकाळ सांगतो. २२ ऑक्टोबर. साडेसात वाजून गेले होते. मुलांना उठवून खुर्चीत बसवणं चालू होतं आणि घर हललं. धादिंगमध्ये केंद्र होतं, काठमांडूपासून लांब नाही. ज्या देशानं २०१५ चा भूकंप बघितलाय तिथं लोक विचार करत नाहीत, धावतात. मी एका मुलीच्या व्हीलचेअरपाशी होतो. तिचा पट्टा सुटेना. ओढतोय, सुटत नाही. ब्रेकही लावलेला होता, ते मला कळलंच नाही, मी खुर्ची ढकलतोय आणि ती जागची हलत नाहीये. दिदी आल्या, पट्टा एका बोटानं काढला, मुलीला कडेवर घेतलं आणि गेल्या. परत आल्या, दुसरं मूल. मी एकालाच बाहेर आणलं. काही पडलं नाही, कोणाला लागलं नाही, पण बाहेर अंगणात मला घाम फुटला होता. त्या पट्ट्याचं बक्कल उलटं बसवलेलं आहे आणि ते डावीकडून निघतं, हे तिथल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. मी जर त्या दिवशी एखाद्या बाईच्या जागी ड्युटीवर असतो, तर?

आमचा तो मुलगा मात्र अंगणात खिदळत होता. दिदींनी विचारलं, 'डर लाग्यो?' डोळे घट्ट मिटले. नाही. सगळे पळतायत याचीच त्याला मजा आली होती.

दसऱ्याच्या दिवशी दिदींनी सगळ्यांच्या कपाळाला तांदूळ, दही, शेंदूर कालवून टिका लावला, मलाही. वर हातात दहा रुपये ठेवले, दक्षिणा. तेव्हा मी धीर करून विचारलं, मी दर वर्षी येऊ का, की हे पैसे पाठवू? म्हटलं खरं खरं सांगा.

त्या विचारात पडल्या नाहीत. म्हणाल्या, आणखी एक बाई हवी.

आता तो पासष्ट हजारांचा आकडा काढा. २०२३ मध्ये नेपाळमध्ये किमान वेतन महिन्याला १७,३०० नेपाळी रुपये झालं. आपला एक रुपया म्हणजे त्यांचे एक रुपया साठ पैसे, हा दर ठरलेला आहे, रोज बदलत नाही. म्हणजे आपले दहा हजार आठशेच्या आसपास. माझ्या पहिल्या तीन आठवड्यांच्या खर्चात तिथल्या एका बाईचा सहा महिन्यांचा पगार निघाला असता. अशी बाई, जिला भाषा येते, जी पट्टा डावीकडून काढते, जी तीन आठवड्यांनी विमानात बसत नाही.

यावर तुम्ही म्हणाल, दादा, मग जायचंच नाही का? मला असं छातीठोक सांगता येत नाही. मी स्वतः २०२४ लाही दसैंला गेलो. पण आता मी आधी विचारतो, तुमचं माणूस कधी कमी असतं, आणि तेव्हाच जातो. तुम्हाला काही येत असेल, फिजिओ, स्पीच थेरपी, व्हीलचेअर दुरुस्ती, तर तिथल्या लोकांना शिकवून या, मुलांवर थेट प्रयोग नको. काहीच येत नसेल तर कपडे धुवा, भांडी घासा, म्हणजे दिदींना मुलांजवळ बसायला वेळ मिळेल. मी या दोन वर्षांत ढिगानं कपडे धुतलेत. त्याची रील होत नाही. आणि जी जागा मुलांना मिठी मारायला पैसे घेते, तिथं जाऊ नका. हे माझं मत आहे, कोणाला कडक वाटेल. पण दर महिन्याला नवीन माणूस येऊन जीव लावून निघून जातो, आणि मूल तिथंच असतं. ते किती वेळा करायचं त्यानं?

एक तांत्रिक गोष्टही सांगून ठेवतो. नेपाळमध्ये टुरिस्ट व्हिसावर आलेल्यांना बिनपगारी कामही करता येत नाही. आपल्याला व्हिसाच लागत नाही म्हणून हा प्रश्न आपल्या डोक्यातही येत नाही. संस्थेला विचारा, त्यांची नोंदणी काय, परवानगी काय. उत्तर गोलमोल आलं तर समजून जा.

आणि इस्लामपूर. हो, गेलो. मागच्या दिवाळीत चार दिवस राहिलो. मावशीला म्हटलं, मला भरवायला शिकव. ती आधी संशयानं बघत होती, मग म्हणाली, 'बस खाली.' तासभर लागला. त्याची 'हो'ची खूण वेगळी आहे, डावा अंगठा हलतो, अगदी थोडासा. मावशीला ती माहीत आहे हे मलाच माहीत नव्हतं. मी बोर्ड करून नेला होता, मराठीत, आठ चौकोनांचा. मावशीनं बघितला, म्हणाली, यात क्रिकेट कुठाय? घरात मॅच चालू असली की तुम्ही सगळे टीव्हीपुढं आणि त्याची खुर्ची मागं. त्याला स्कोअर दिसत नाही.

म्हणजे कितीतरी वर्षं आम्ही सगळे त्याच्या पुढ्यात बसून मॅच बघत होतो. खुर्ची पुढं घेतली. क्रिकेटचा चौकोन घातला. त्याला विराटपेक्षा बुमरा आवडतो, हे अंगठ्यावरून कळायला अर्धा तास गेला.

बोर्डची फाइल मराठी आणि नेपाळी, दोन्हीत, एपिसोडसोबत टाकलीये. तुमच्या घरच्या माणसाप्रमाणे चौकोन बदला, आणि 'दुसरं काहीतरी' हा चौकोन काढू नका. पुढच्या वेळी मावशीला पाहुणी म्हणून आणायचा प्रयत्न चालू आहे. ती म्हणते, माइकवर मी काय बोलणार, मला स्वयंपाक पडलाय. बघू, मानतेय का. चला, भेटू.